पापडखार, खीचू आणि पोटातले विकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या मराठी घरांत पापडखाराचा डबा दोन्ही बाजूंनी भरतो. आजीचे उडदाचे पापड एकीकडे, शेजारच्या बेनकडून शिकलेला खीचू (तांदळाच्या पिठाची गुजराती उकड) आणि रविवारचा फाफडा (बेसनाच्या तळलेल्या पट्ट्या) दुसरीकडे. त्यामुळे प्रश्नही पुष्कळ येतात: खाराने पचन सुधारतं का, बिघडतं का, पोटातले विकर मरतात का, किती घालावा. इथे नेहमी विचारले जाणारे प्रश्न घेतले आहेत. विकर म्हणजे एन्झाइम, आणि सामू म्हणजे आम्ल-अल्कली मोजायची पट्टी: ७ मधला, त्याखाली आंबट, त्यावर खारट-तुरट, साबणासारखं.

पापडखार म्हणजे नेमकं काय? खारो, साजी, सोडा, संचळ हे सगळं एकच का?

नाही, आणि निम्मे घोटाळे इथेच होतात. बडोद्याच्या हाथीखाना बाजारात किंवा कुठल्याही किराणा दुकानात ‘खारो’ मागितला तर पापडखार मिळतो. ‘साजीनां फूल’ म्हटलं तर बहुतेक वेळा खाण्याचा सोडा पुढे येतो. ‘लिंबूनां फूल’ म्हणजे सायट्रिक आम्ल, म्हणजे नेमकं उलट्या स्वभावाचं. आणि ‘संचळ’ म्हणजे आपलं पादेलोण, काळं मीठ. त्याचा खाराशी काहीही संबंध नाही.

पापडखार हा मुळात सोडियम कार्बोनेट आणि सोडियम बायकार्बोनेट यांचा कमी-अधिक मेळ. पूर्वी खारवट जमिनीवर फुलून येणारी पांढरी माती किंवा खाऱ्या रानातल्या झुडपांची राख विरघळवून, गाळून, आटवून तो काढत. आयुर्वेदात याच जातीच्या खाराला सर्जिकाक्षार म्हणतात, आणि जवाच्या राखेच्या यवक्षाराबरोबर त्याची जोडी ‘क्षारद्वय’ म्हणून येते. आजचा पाकिटातला खार बहुधा कारखान्यात तयार झालेला असतो. पाकिटावर आयएनएस ५०० असा आकडा असेल तर तो याच कुळाचा. खाण्याचा सोडाही त्याच आकड्याखाली येतो, म्हणून नुसत्या आकड्यावरून जोर कळत नाही.

मग माझ्या डब्यातला खार जोरकस आहे की सौम्य, हे घरी कसं ओळखू?

हळदीने. पांढऱ्या बशीत चिमूटभर हळद थेंबभर पाण्यात कालवा आणि बोटाने पातळ पसरा. पाव चमचा खार अर्धी वाटी पाण्यात विरघळवून त्याचा एक थेंब हळदीवर सोडा. रंग नारिंगी-तपकिरीकडे हळूहळू झुकला तर त्यात बायकार्बोनेट जास्त, म्हणजे खार सौम्य. थेंब पडताक्षणी गडद लाल झाला तर कार्बोनेट जास्त. हळदीपासून कुंकू करताना हाच रंगबदल कामी येतो. खमणावर मधूनच लाल ठिपके उठतात तेही यामुळेच: सोडा नीट मिसळला गेला नाही आणि त्याचा कण हळदीला भेटला.

व्हिनेगर किंवा लिंबू पिळून बघण्यात अर्थ नाही. फेस दोघांनाही येतो.

आकड्यांत सांगायचं तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू साधारण ८.३ असतो आणि कार्बोनेटच्या एक टक्का पाण्याचा ११ च्या पुढे. सामूच्या पट्टीवर एक घर म्हणजे दहापट, त्यामुळे हा फरक तीन घरांचा म्हणजे जवळजवळ हजारपटीचा आहे. ‘खार म्हणजे सोडाच की’ असं म्हणून एकाच्या जागी दुसरा तेवढाच टाकू नये, तो यासाठी.

पचनाचे विकर कोणते, आणि त्यांना खाराशी काय घेणं?

प्रत्येक विकराची आपली कामाची जागा असते आणि त्या जागेचा सामू त्याला मानवतो. लाळेतलं अमायलेज पिष्टमय पदार्थ तोडतं, त्याला साधारण ६.७ ते ७ सामू लागतो. जठरातलं पेप्सिन प्रथिनं तोडतं, त्याला २ च्या आसपासची कडक आंबटाई हवी. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचं प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन, चरबी तोडणारं लायपेज आणि दुसरं अमायलेज यांना ७ ते ८ चा सौम्य अल्कली भाग मानवतो. जठरात आंबट, आतड्यात तुरट, असा रस्ता शरीराने आधीच आखून ठेवलेला आहे. जेवणातला खार त्या रस्त्यात मध्येच शिरतो. तो विकरांना मारायला किंवा वाढवायला येत नाही, सामू हलवतो, आणि जे काय होतं ते त्यातून होतं.

खाराने लाळेचं काम बंद पडतं, हे खरं का?

तोंडात घास असतो तेवढ्या वेळात फारसं नाही. खीचूतला खार शिजताना पिठात पसरलेला असतो, आणि लाळेची स्वतःचीही आम्ल-अल्कली पेलण्याची ताकद असते. पण कोरा खार अमायलेजला झेपत नाही, हे स्वयंपाकघरातच बघता येतं. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग आवडतो, आणि त्यात एक फसवी जागा आहे, म्हणून पूर्ण देत आहोत.

एक सपाट चमचा आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर २०० मिली पाण्यात कालवून उकळा, पातळ खळ झाली की कोमट होऊ द्या. चूळ भरून तोंड स्वच्छ करा, मग २० मिली साधं पाणी मिनिटभर तोंडात घोळवून पेल्यात काढा. हे झालं लाळेचं पाणी. यातलं चमचाभर वेगळं उकळून थंड करा. चार वाट्यांत प्रत्येकी दोन चमचे खळ घ्या. पहिलीत चमचाभर लाळेचं पाणी. दुसरीत चिमूटभर पापडखार ढवळून मग लाळेचं पाणी. तिसरीत अर्धा चमचा व्हिनेगर आणि लाळेचं पाणी. चौथीत उकळलेलं लाळेचं पाणी. चारही वाट्या अंगाला कोमट लागेल अशा पाण्याच्या परातीत ठेवा.

आता औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन दसपट पाण्यात पातळ करा. पांढऱ्या बशीवर त्याचे थेंब मांडून दर मिनिटाला प्रत्येक वाटीतला एक थेंब त्यावर सोडा. पिष्ट शिल्लक असेल तर निळा-काळा रंग येतो, तुटत गेलं की जांभळा, मग तांबूस, आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळट उरतो.

फसवी जागा अशी: खाराच्या वाटीतला थेंब टाकला की आयोडीनचा रंगच उडतो आणि वाटतं, वा, सगळं पिष्ट पचलं! पचलेलं काहीही नसतं. अल्कलीत आयोडीनचं रूपांतर बिनरंगी संयुगांत होतं. म्हणून खाराच्या थेंबात आधी दोन थेंब व्हिनेगर घाला आणि मगच आयोडीन लावा. मग खरं दिसतं: जोरकस खाराच्या वाटीत पिष्ट निळंच राहतं, साध्या खाण्याच्या सोड्यात काम मंदावतं पण चालतं, व्हिनेगरच्या आणि उकळलेल्या वाटीत काहीच होत नाही.

पहिली वाटी कुणाची दोन मिनिटांत पिवळी होते, कुणाची दहा मिनिटांत. यात चूक नाही. लाळेतलं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात.

जठरात काय होतं? खीचू खाल्ला की पेप्सिन थांबतं का?

हिशेबच करू या. १५० ग्रॅम तांदळाचं पीठ, ४५० ते ५०० मिली पाणी आणि १.५ ग्रॅम पापडखार, म्हणजे पाव चमच्याच्या जरा वर. यात तीन माणसांचा खीचू होतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा ग्रॅम खार. अर्धा ग्रॅम खाण्याचा सोडा सुमारे ६ मिलिमोल (आम्ल मोजायचं एकक) आम्ल मारतो, अर्धा ग्रॅम कार्बोनेट सुमारे ९. भरल्या जेवणावर निरोगी जठर तासाला साधारण २० ते ४० मिलिमोल आम्ल सोडू शकतं. म्हणजे एका वाटीतला खार निस्तरायला जठराला दहा मिनिटं ते अर्धा तास पुरतो.

तेवढ्या वेळात पेप्सिन मंद पडतं. सामू ५ च्या वर गेला की ते जवळजवळ थांबतं, पण मरत नाही, आंबटाई परतली की पुन्हा कामाला लागतं. सामू ८ च्या पुढे गेला तर मात्र त्याची घडीच कायमची विस्कटते. एक वाटी खीचूने ती वेळ येत नाही. शिवाय तांदळात प्रथिनं थोडी आणि पिष्ट जास्त, आणि लाळेचं अमायलेज घासाच्या आत आम्ल मुरेपर्यंत जठरातही काम करत राहतं. त्यामुळे खीचूपुरतं बोलायचं तर नुकसान नगण्य.

एक गोष्ट बहुतेकांना चकवते: शिजवल्याने खाराची आम्ल मारण्याची ताकद कमी होत नाही. उकळताना बायकार्बोनेटमधून वायू निघून जातो आणि त्याचं कार्बोनेट होतं, पण दोन भाग बायकार्बोनेट जेवढं आम्ल मारायचे तेवढंच त्यातून झालेलं एक भाग कार्बोनेट मारतं. उलट शिजल्यावर ते अधिक जोरकस लागतं.

आतड्यातल्या विकरांना अल्कली लागते ना? मग खार त्यांना मदतच करत असेल.

हा युक्तिवाद फार वेळा ऐकायला येतो आणि वरवर बरोबरही वाटतो. पण आतड्याला लागणारी अल्कली स्वादुपिंड स्वतः पाठवतं, दिवसाला लिटर-सव्वा लिटर रसातून. ती पाठवायचा निरोप देतं सिक्रेटिन नावाचं संप्रेरक. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी ते शोधलं, आणि ‘संप्रेरक’ ही कल्पनाच त्यातून उभी राहिली. सिक्रेटिन सुटतं कशाने? जठरातून आलेल्या आम्लाने. आतड्याच्या तोंडाशी सामू ४.५ च्या खाली गेला की ते रक्तात उतरतं.

म्हणजे तुम्ही वरून भरपूर खार घातला तर आम्ल आधीच मरतं आणि स्वादुपिंडाला जाणारा निरोप कमजोर पडतो. मदत करायला गेलेला माणूस दारावरची घंटाच काढून ठेवतो, असा हा प्रकार. पापडातल्या चिमटीने हे होणार नाही. रोज जेवणावर चमचाभर सोडा पिणाऱ्याच्या बाबतीत मात्र विचार करायला हवा.

आमच्याकडे तांदळाची उकड करतात, इथे खीचू. दोन्ही पिठाचेच, मग खार एकातच का? उकडीत घातला तर?

उकडीत ताक असतं. खार घातलात तर भांड्यातच दोघे एकमेकांना संपवतात: फसफस होते, ताकाची आंबट चव जाते, खाराचा उपयोग होत नाही, उरतं ते बेचव मीठ. उकडीचा मऊपणा ताकाने आणि वाफेने येतो. खीचूचा चिकट-लवचिक पोत येतो तो खारामुळे पिष्टाचे कण जास्त फुगून फुटतात म्हणून.

पचनाच्या बाजूने दोन्हींचा खरा फायदा एकच. तांदळाचं पिष्ट साधारण ७० अंशांच्या वर पाण्यात फुगून फुटतं, आणि असं फुगलेलं पिष्ट अमायलेजला कच्च्या पिष्टापेक्षा कितीतरी सोपं जातं. ‘खीचू हलका असतो, खारामुळे पचतो’ यातलं पहिलं अर्ध खरं आहे. श्रेय वाफेला द्या. आणि गरम असतानाच खा: गार होऊन आवळलेल्या पिष्टाचा काही भाग विकरांना दाद देत नाही.

पापडाच्या लाट्या खाऊन मुलांची पोटं का दुखतात?

कारण लाटी हा पापडातला सगळ्यात तीव्र टप्पा आहे. १ किलो उडदाचं पीठ, ३५ ग्रॅम खार, ६० ग्रॅम मीठ आणि सुमारे ४०० मिली पाणी धरलं तर १०० ग्रॅम लाट्यांत खार जातो २.३ ग्रॅम आणि मीठ ४ ग्रॅम. तेल लावून, तिखटाच्या चवीने पाच-सहा लाट्या सहज पोटात जातात. मोठ्या माणसाची दिवसाची मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने ५ ग्रॅम सांगितली आहे, म्हणजे सोडियम २००० मिलिग्रॅम. त्या १०० ग्रॅममध्ये मीठ आणि खार मिळून सोडियम २२०० च्या घरात जातं. मुलाला तर मर्यादा याहून कमी.

त्यात पीठ कच्चं. कच्च्या डाळींत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात. शिजवल्यावर त्यांतली बरीचशी निकामी होतात, लाटीत ती तशीच. वरून २.३ ग्रॅम खार जवळजवळ २५ ते ४० मिलिमोल आम्ल मारतो, म्हणजे पेप्सिन तासभर आळसावलेलं. वरचं आणि खालचं, दोन्ही ठिकाणचं प्रथिनांचं पचन एकाच वेळी अडतं. जे पचत नाही ते मोठ्या आतड्यात जाऊन वायू करतं. एक-दोन लाट्या द्या, पोळपाटाशी बसलेल्या मुलाला नाही म्हणणं अवघडच. वाटी भरून नको.

भाजलेल्या पापडाची गोष्ट वेगळी. १० ग्रॅमच्या एका पापडात खार एक तृतीयांश ग्रॅमच्या आसपास आणि मीठ अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. जेवणावर एक पापड निरोगी माणसाला काही करत नाही.

डाळ शिजत नाही म्हणून सोडा घालतो. त्यात वाईट काय?

बडोद्यात आजवा तलावाच्या किंवा मही नदीच्या नळाच्या पाण्यात सहसा ही वेळ येत नाही. बोअरच्या जड पाण्यात येते. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं, सोडा ती बांधणी सोडवतो, म्हणून डाळ लवकर गळते. त्याच उष्णतेत आणि अल्कलीत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनंही लवकर मोडतात, एवढा एक फायदा मान्य करायला हवा.

तोटा मोठा आहे. ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, अल्कलीत तापवलं की झपाट्याने नष्ट होतं, आणि डाळ हा आपल्या जेवणातला त्याचा महत्त्वाचा स्रोत. शिवाय जास्त अल्कलीत प्रथिन बराच वेळ तापलं तर त्यातल्या लायसिन या घटकाचं असं संयुग होतं जे विकरांना तोडता येत नाही. डाळीची मौज लायसिनमध्येच असते, भातात ते कमी पडतं म्हणून तर वरण-भाताची जोडी.

उपाय साधा: पिण्याचं आरओचं पाणी वापरा, रात्रभर भिजवा, चिंच-आमसूल डाळ शिजल्यावर घाला. आंबट आधी पडलं तर पेक्टिन आणखी घट्ट होतं. जुनी, दोन वर्षं पडून असलेली डाळ कशानेच नीट शिजत नाही, तिच्यावर सोडा वाया घालवू नये.

फाफड्याबरोबर कच्च्या पपईचा संभारो देतात, तो पचनासाठीच ना?

कल्पना चांगली आहे. कच्च्या पपईच्या चिकात पेपेन असतं, ते प्रथिनं तोडतं, आणि फाफडा म्हणजे बेसन, म्हणजे प्रथिनं. पेपेनला ६ ते ७ सामू आवडतो, थोडा खारही ते सहन करतं. गरमपणाही ते इतर विकरांपेक्षा जास्त सोसतं, ६०-६५ अंशांवर तर जोमात काम करतं. पण संभारो कढईत चांगला परतला की विकराचा बराच भाग जातो, आणि जठरात सामू ३ च्या खाली गेला की उरलेलंही थंडावतं. हवाच असेल तर पपई किसून, फोडणी वरून ओतून, लगेच खा. चीक धुऊन टाकला तर पेपेन त्याच्याबरोबर जातं.

फाफडा जड पडतो तो मुख्यतः तेलाने. चरबी जठर रिकामं व्हायचा वेग कमी करते, आणि तिच्यावर लायपेज चालतं ते पुढे आतड्यात, पित्ताच्या मदतीने. दसऱ्याला सकाळी पाव किलो फाफडा-जिलबी खाऊन दुपारी सुस्ती येते, ती खार कमी केल्याने जाणार नाही.

फाफडा साबणासारखा लागला तर?

खार जास्त झाला, किंवा कुणी धुण्याचा सोडा वापरला. अल्कली आणि जुन्या तेलातली सुटी मेदाम्लं मिळून खरोखरीचा साबण होतो. कढईतलं तेल फेसाळतं, लवकर काळं पडतं, फाफडा तळहातावर घेतला तर लालसर आणि स्पर्शाला बुळबुळीत तेलकट लागतो, घशात चरचरतं. असा फाफडा टाकून द्यावा. धुण्याच्या सोड्यातलं रसायन कार्बोनेटच, पण ते खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं, त्यात काय काय उरलंय ते कुणी तपासलेलं नसतं.

संचळ आणि पानातला चुना यांचं काय?

संचळ म्हणजे मुख्यतः मीठच. वास गंधकाच्या संयुगांचा. अमायलेजला क्लोराइड लागतं हे खरं, पण ते लाळेत आधीच असतं, ताकात संचळ टाकून त्यात भर पडत नाही. फायदा होतो तो चवीने. जिभेला चव आणि नाकाला वास लागला की लाळ आणि जठररस आधीच सुटू लागतात. पावलॉव्हने हे कुत्र्यांवर दाखवलं, पचनाच्या त्याच कामासाठी त्याला १९०४ चं नोबेल मिळालं. जिरेपूड-संचळ घातलेलं ताक याच वाटेने काम करतं, आणि ते पुरेसं आहे.

चुना वेगळा. त्याच्या निवळीचा सामू १२ च्या वर, तोंडाची त्वचा भाजते. अमायलेजला कॅल्शियम लागतं म्हणून चुना खावा, या सल्ल्यात तथ्य नाही, लाळेत ते पुरेसं असतं. आणि सुपारी कर्करोगकारक ठरलेली आहे, तेव्हा पचनासाठी पानसुपारी हा विषयच मिटवावा.

जेवण जड झालं की अर्धा चमचा सोडा पाण्यातून घेतो. चालेल?

सवय म्हणून नको. पोट तट्ट भरलेलं असताना तर मुळीच नको. १ ग्रॅम खाण्याचा सोडा जठरातल्या आम्लाला भेटून सुमारे ३०० मिली वायू सोडतो. चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम, पुरेसं आम्ल असेल तर दीड लिटरपर्यंत. गच्च भरलेल्या जठरात इतका वायू अचानक झाल्याने जठर फाटल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. दुर्मीळ आहेत, पण आहेत. त्याच चमच्यातून सोडियम जातं जवळजवळ १४०० मिलिग्रॅम, रक्तदाबवाल्याच्या दिवसाच्या कोट्यातला मोठा हिस्सा.

ढेकर आली की बरं वाटतं, ती पचनाची खूण नाही, सोड्याच्या वायूची आहे.

औषधांवर परिणाम होतो का?

होतो, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. ज्या गोळ्यांवर ‘जठरात विरघळू नये’ असं आवरण असतं, उदाहरणार्थ आम्लपित्ताच्या किंवा काही वेदनाशामक गोळ्या, त्यांचं आवरण जठराचा सामू वाढला की तिथेच सुटू शकतं. लोहाची गोळी सोड्याबरोबर घेतली तर लोह कमी शोषलं जातं, टेट्रासायक्लिन जातीच्या प्रतिजैविकांचंही तसंच. स्वादुपिंडाच्या आजारात विकरांच्या कॅप्सूल दिलेल्या असतील तर सोडा, खार, कुठलंही आम्लशामक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जेवणातल्या एका पापडाने हे बिघडत नाही, प्रश्न पाण्यातून घेतलेल्या सोड्याचा आहे.

पापडासाठी खार किती आणि कसा घालावा?

१ किलो उडदाच्या पिठाला ३० ते ३५ ग्रॅम खार, ५५ ते ६० ग्रॅम मीठ. चमच्याने नको, वजनाने. दळदार खड्याचा खार आणि बारीक पूड यांचा एकेक चमचा वजनात फार वेगळा भरतो, आणि दर वर्षी ‘या वेळी पापड बिघडले’ ते इथेच.

खार ४०० मिली पाण्यात स्टीलच्या पातेल्यात पाच मिनिटं उकळा, झाकून रात्रभर निवू द्या, सकाळी वरची निवळ अलगद ओतून घ्या. तळाशी मातकट गाळ राहिला तर तो पोटात जाण्यापासून वाचला. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नका: अल्कली ते खाते, भांडं काळवंडतं आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरतं. निवळीत मीठ विरघळवून त्यानेच पीठ घट्ट भिजवा.

खार जास्त झाला तर पापड भाजताना लगेच लाल-तपकिरी होतो, कडवट लागतो, जिभेला चरचरतो. कमी झाला तर फुलत नाही, दातांना लागतो. भिजवलेल्या पिठात खार जास्त झाल्याचं चाखून कळलं तर लिंबू पिळू नका, पापड चिवट होतील. खार आणि मीठ न घालता आणखी पीठ भिजवा आणि दोन्ही एकत्र कुटा.

पापडखार संपला, खाण्याचा सोडा आहे. चालवून घेऊ?

खीचूला चालेल, पापडाला तसाच नको. कोरड्या कढईत मंद आचेवर सोडा सतत हलवत भाजा. आधी तो पाण्यासारखा सळसळतो, वायू निघत असतो, सळसळ थांबली की उतरवा. १० ग्रॅमचा साधारण ६.३ ग्रॅम उरतो. हे आता कार्बोनेट आहे, हळदीने तपासलंत तर गडद लाल दिसेल. पाकिटातल्या मिश्र खारापेक्षा हा जोरकस, म्हणून किलोला ३० ग्रॅम सांगितलं असेल तिथे २० ते २२ पासून सुरुवात करा, एक पापड लाटून, वाळवून, भाजून बघा आणि मग पुढचं पीठ भिजवा. भाजताना तोंड कढईवर नेऊ नका, पूड डोळ्यांत-घशात गेली तर झोंबते.

खार कुणी टाळावा?

उच्च रक्तदाब, हृदयाची कमजोरी, मूत्रपिंडाचा आजार किंवा डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलेलं असेल, तर खाराचा हिशेब मिठातच धरा. १ ग्रॅम मिठात सोडियम ३९० मिलिग्रॅम, १ ग्रॅम खाण्याच्या सोड्यात २७०, १ ग्रॅम कोरड्या कार्बोनेटमध्ये ४३०. ‘आळणी जेवतो पण पापड खातो’ यात आळणीपणा उरत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला खीचू द्यायचा तर खार आणि मीठ दोन्ही न घालता, नुसती मऊ शिजवलेली तांदळाची पेज द्या. चरकसंहितेतही पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्यं इतर द्रव्यांपेक्षा जास्त वापरू नयेत असं सांगितलं आहे, आणि खाराचा अतिवापर केसांना, डोळ्यांना, हृदयाला बाधतो असं पुढे म्हटलं आहे.